खोलीचा आवाज

पोलिक्सेनीच्या धाकट्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, २००८ च्या मे महिन्यात, अथेन्सहून फिल्मवाले गावात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव जाळलं त्यावर त्यांना माहितीपट करायचा होता. पोलिक्सेनीला मात्र भावाबद्दल सांगायचं होतं.

लाम्ब्रोसला जर्मनांनी मारलं नव्हतं. डोंगरात राहून जर्मनांशी लढणाऱ्या आपल्याच लढवय्यांनी त्याला फितूर ठरवून गिरणीमागे गोळी घातली. तो जर्मनांना पीठ पोचवतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. पीठ घरचं होतं, आजारी आईसाठी आणलेलं. चौसष्ट वर्षं गावात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

ती दोन तास बोलली. दिग्दर्शिका दानाई मान हलवत ऐकत होती. शेवटी आवाज घेणारा मिनास म्हणाला, "आजी, आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. खोलीचा नुसता आवाज घ्यायचाय."

"खोलीला कसला आला आवाज? पन्नास वर्षं राहतेय, माझ्याशी तर कधी बोलली नाही."

सगळे हसले. "असतो, आजी. फिल्म कापून जोडताना मधे भरायला लागतो."

ती गप्प बसली. कॅमेरा चालूच होता. डोळे भरले, ओठ थरथरले. मिनिट संपल्यावर तिने सगळ्यांना चेरीचा मुरंबा दिला आणि दानाईला विचारलं, "नाव घेशील ना त्याचं?"

"तुमचं बोलणं फार मोलाचं आहे, आजी."

पोलिक्सेनीने तो होकार धरला.

ऑगस्टच्या जत्रेत चौकात पडदा लागला. लढवय्यांच्या म्होरक्याचा जुना फोटो आला, टाळ्या पडल्या. मग पोलिक्सेनीचा चेहरा आला. भरलेले डोळे, थरथरते ओठ, आणि वर कुणा पुरुषाचा भारदस्त आवाज: "जर्मनांनी केलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्याकडे आजही शब्द नाहीत."

"काय रडलीस गं काकू! एक शब्द न बोलता!" कॉफीवाला स्ताथिस म्हणाला. तो म्होरक्या त्याचा बाप.

"बोलले होते मी. दोन तास."

"आमच्या म्हाताऱ्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मग कापलं ते बरं झालं," असं म्हणून त्याने तिच्यापुढे कॉफी ठेवली. तिने ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दानाईला फोन लावला.

"बावन्न मिनिटांत किती मावणार, आजी? तुमची गोष्ट घेतली असती तर फिल्मच वेगळी झाली असती."

"मग ती वेगळी कर."

"ती कोण दाखवणार?"

"बरं, माझं बोलणं तरी परत दे."

"ते पुसलं गेलं, आजी. न वापरलेलं आम्ही ठेवत नाही."

फिल्म शाळाशाळांतून दाखवली गेली. वसंतात शहरातल्या एका शाळेची सहल गावात आली. पोलिक्सेनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, माझा भाऊ लाम्ब्रोस..."

बाईंनी मुलांना मागे ओढलं. "आजींना त्रास द्यायचा नाही. पाहिलंत ना फिल्ममध्ये? त्यांना त्याबद्दल बोलवत नाही."

मुलं दबकत, पाय न वाजवता पुढे गेली. पोलिक्सेनीने दार लावून घेतलं.

लाम्ब्रोस ९ मार्च १९४४ ला गेला, एकोणिसाव्या वर्षी. पोलिक्सेनी २०११ च्या फेब्रुवारीत गेली.