न सुटणारी बस

चेकरला पहिली शंका आली ती बॅगेवरून. मुक्काम दोन रात्रींचा, तोही पोटच्या लेकीच्या घरी, आणि बायकोने भरलेली बॅग अशी की उचलताना कमरेत उसण भरावी. वरची चेन उघडून बघतो तर कपड्यांच्या घडीवर तिची कात्री. काळ्या मुठीची, चांगली किलोभर वजनाची, कापड कापायची कात्री. त्या कात्रीने घरात कुणी कागद कापला तर ती दोन दिवस बोलत नसे. आणि आज ती कात्री प्रवासाला निघालेली!

"ही कशाला?" त्याने विचारलं.

"असू दे."

"हं," चेकर म्हणाला, आणि चेन लावली.

आता हा चेकर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. बसगाड्यांवर तिकिटं तपासण्यात त्याची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाला तरी गल्ली त्याला चेकरच म्हणायची, आणि बायकोला चेकरीणबाई. ही बाई घरी बसून गावातल्या निम्म्या शाळांचे गणवेश शिवते, तेव्हा तिला तिची म्हणून काही ओळख असावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नवऱ्याच्या तर नाहीच नाही. त्याला अभिमान होता तो स्वतःच्या नजरेचा. गाडीत पाय टाकला की तो सांगायचा, तिकीट कुणी काढलेलं नाही. "सोपं असतं," तो म्हणायचा. "फुकट्या माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो."

येताना सबंध वाटभर त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती. पण तिचं तिकीट याच्याच खिशात होतं ना, मग कसली शंका!

लेक त्या शहरात नाटकाचे मुखवटे बनवते. शहर तसं चक्रमच. जुन्या गोदामांत चित्रकार घुसलेले, पाण्याच्या टाकीवर कुणी डोळे रंगवलेले, आणि साबणाच्या बंद पडलेल्या कारखान्यात लेकीची नाटकमंडळी. मागच्या थंडीत लेकीचा पाय मोडला तेव्हा आई येऊन दीड-दोन महिने राहिली होती. चेकर तेव्हा आला नव्हता. घर कुणी बघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने दोघांच्या मनगटांवर हिरवी फीत बांधली.

"बाबा, आज शहरभर नाटक आहे. रंगमंच नाही, पडदा नाही. रस्त्यात भेटतील त्यातली काही माणसं नट आहेत. कोण, ते कुणी सांगणार नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"नाहीच ओळखायचं! मजा घ्यायची. कुणी काही विचारलं तर मनाला येईल ते बोला. फीत हातावर आहे तोवर तुम्ही खेळात. खेळायचं नसेल, खरंखुरं काही बोलायचं असेल, तर फीत सोडा. मग जे बोलाल ते तुमचं स्वतःचं. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी फिती परत करायच्या."

"मला नाही ओळखता येणार?" चेकर हसला. "मला?"

लेकीने आईकडे बघितलं. आईने पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

पहिल्याच वळणावर एक गृहस्थ दोरीला खुर्ची बांधून फिरवत होता. साधी लाकडी खुर्ची. खांबापाशी थांबायची, हा दोरी हलवायचा, पुढे निघायची. "हा नट!" चेकर मोठ्याने म्हणाला. यात काय, आंधळ्यानेही ओळखलं असतं. पण बायको वाकली आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"चावत नाही ना?"

"छे हो. फक्त जेवताना हात लावायचा नाही."

"वय काय हिचं?"

"म्हातारी झाली आता. मागचा पाय दुखतो."

"थंडीत गुंडाळून ठेवत जा," ती गंभीरपणे म्हणाली, आणि दोघं खो खो हसली. चेकर बघतच राहिला. ही हसते? अशी? घरी तर शिलाईयंत्राच्या आवाजाशिवाय तिचा आवाज म्हणून येत नाही.

पुढे एका दाराच्या पायरीवर एक बाई तोंडाला रुमाल लावून घळाघळा रडत होती. चेकरने लगेच हेरलं. काय ते रडणं! तो समोर उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. "छान! पण खांदे जरा जास्तच हलतायत."

बाईने रुमाल काढला. गाल सुजून टम्म. "दाढ काढलीये माझी, मेल्या!" ती बोबड्या आवाजात किंचाळली. दारावर दाताच्या डॉक्टरची पाटी होती. बायकोने त्याला दंडाला धरून ओढत नेलं, पण हसू तिला आवरेना.

मग चेकर बिचकला. दारात दुधाच्या बाटल्या ठेवणारा माणूस खरा की खोटा? शिडीवर चढून रस्त्यावरच्या दिव्याला स्वेटर घालत होती ती बाई तरी खोटी असेल ना? तर ती नगरपालिकेची नोकरदार निघाली. ओळखपत्र दाखवलं तिने. उलट ज्याला सज्जन समजून याने रस्ता विचारला, त्या म्हाताऱ्याने चौकातल्या कारंज्यात बूट घालून उतरून "इकडून जवळ पडेल" असं सांगितलं. चेकरचं डोकं भणाणून गेलं. ज्या नजरेवर जन्म काढला ती नजरच इथे चालेना.

कारखान्याच्या बाजूच्या गल्लीत वरच्या खिडकीतून एक मुलगी ओरडली, "कात्रीकाकू! आलात? किती वाट बघायची!"

बायकोने वर बघून हात हलवला.

"कोण गं ती?"

"नाटकातलीच आहे."

"आणि ही कात्रीकाकू कोण?"

"मी."

"हं," चेकर म्हणाला. वा रे वा, ही तर खेळात पुरती रमलीये, असं त्याला वाटलं. अहो, कालच बॅगेत ती कात्री बघितलेली! पण नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली गत.

कारखान्यामागच्या मैदानात एक बस उभी होती. चाकं गवतात रुतलेली, इंजिन काढून घेतलेलं. ती कुठेच जात नव्हती, पण पाटीवर लिहिलं होतं 'चला'. बस बघून चेकरला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. निदान एक ओळखीची वस्तू! "तुम्ही चढा, मी पाणी पिऊन येते," बायको म्हणाली आणि नळाकडे गेली. चेकर चढला. सवयीने दांडा धरला, सवयीने सीटांवरून नजर फिरवली. सीटांवर राखाडी कापडाची नवी खोळ होती, शिवण सरळ, कोपरे नीट दुमडलेले. गणवेशाचं कापड दिसतंय, त्याच्या मनात आलं. पुढे काही आलं नाही.

कंडक्टर एक पोरगेली मुलगी होती. ओठावर काजळाच्या मिश्या. तिकीट देण्याऐवजी ती प्रत्येकाला एकच विचारत होती, "कुठे उतरणार?"

एक पोट सुटलेला माणूस म्हणाला, "शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. तिथे माझा चेंडू राहिलाय." सगळे हसले. एक बाई म्हणाली, "जिथे माझी सासू नाही तिथे." तिची सासू शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "मग मला त्याच्या आदल्या स्टॉपला सोडा." बस हसून हसून हलली.

चेकरची पाळी आली.  "मी... मी उद्या सकाळच्या गाडीने घरी जाणार," तो म्हणाला. "आम्ही दोघं." कुणी हसलं नाही. त्याला वाईट वाटलं.

तेवढ्यात बायको चढली. हात ओले होते, ते रुमालाला पुसत होती. मिशीवाली तिला ओळखत असावी, कारण तिने आवाज एकदम खाली आणला. "आणि तुम्ही, काकू? कुठे उतरणार?"

बायको बसली नाही. उभीच राहिली, दांड्याला धरून.

"मी इथेच उतरणार," ती म्हणाली. "उद्या मी परत जाणार नाही. इथे कपडेपटाचं काम आहे. कापायचं, शिवायचं, राजाचा अंगरखा भिकाऱ्याला होईल असा उसवायचा. वर एक खोली आहे, तिला दोन खिडक्या आहेत. मागच्या थंडीत मी ते काम केलं आणि मला कळलं की मला ते फार आवडतं. एवढं वय झालं, पण मला काय आवडतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. घरी यांना चार वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. चारही वेळा हे 'हं' म्हणाले."

मिशीवाली मुलगी पुढचं वाक्य विसरल्यासारखी उभी होती.

आणि चेकरने टाळी वाजवली! काय सांगू तुम्हाला, हात लाल होईपर्यंत वाजवली. "वा! काय काम केलंस! तो 'हं' तर अगदी हुबेहूब!" मग इतरांनीही वाजवल्या, जरा चाचरत. बायकोने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर गवताखेरीज काही नव्हतं.

दुपारभर तो भेटेल त्याला सांगत सुटला. आइस्क्रीमवाल्याला सांगितलं, खुर्चीवाल्याला पुन्हा गाठून सांगितलं, "माझी बायको हो! ऐनवेळी असं बोलली की माझ्याच काळजात धस्स झालं!" आणि खरंच झालं होतं. पण ते तिच्या अभिनयाचं यश, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बायको शेजारून चालत होती. ती आता हसत नव्हती.

उन्हं कलली तेव्हा वाटेत लेक भेटली आणि तिघं कारखान्याच्या फाटकाशी आली. तिथे एक मावशी बादली घेऊन बसली होती. फिती त्यात टाकायच्या, त्या धुऊन पुन्हा वापरणार. लेक अचानक म्हणाली, "मी चहाचं बघते," आणि सटकली.

चेकर आपली फीत सोडायला लागला. घामाने गाठ घट्ट झालेली, सुटेना. "तुझी टाक आधी," तो बायकोला म्हणाला.

तिने पर्स उघडली. आतून हिरवी फीत काढली. नीट घडी घातलेली, कोरडी. ती तिने बादलीत टाकली.

चेकर तिच्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिला. जन्मभर लोकांच्या हातांकडेच बघितलं होतं त्याने.

"ही... कधी सोडलीस?"

"नळापाशी. बसमध्ये चढायच्या आधी."

"म्हणजे तू जे बोललीस..."

"म्हणजे तेच."

"म्हणजे ते नाटकात..."

"अहो, नाही ना."

बादलीवाल्या मावशीने तोंड दुसरीकडे वळवलं. चेकरला काहीच समजेना. म्हणजे समजत होतं, पण आत शिरत नव्हतं. बॅग, कात्री, कात्रीकाकू, सीटांवरचं राखाडी कापड, येतानाची ती खिडकी, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं आणि त्याला कशाच्या मागे काय लावावं तेच उमगेना. आणि आपण टाळ्या वाजवल्या! भर बसमध्ये, सगळ्यांच्या आधी. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती. तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला.

"मग मी?" तो म्हणाला. लहान पोरासारखा आवाज आला.

"मी तुम्हाला टाकून देत नाहीये," ती म्हणाली. "पण सकाळच्या गाडीत मी नसणार. तुम्ही जा, या, राहा, काय ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय."

"अगं, पण घरी मी एकटा..." तो बोलू लागला आणि थांबला. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"फीत आहे अजून," ती म्हणाली. "असं नको."

त्याने पुन्हा गाठीशी झटापट केली. नखाने ओढलं, दाताने ओढलं. गाठ जास्तच आवळली. शेवटी ती फाटकाच्या खोलीत गेली, लेकीने सकाळीच तिथे आणून ठेवलेली बॅग उघडली आणि कात्री घेऊन आली. काळ्या मुठीची. थंड पातं त्याच्या मनगटाला लागलं तसा तो आक्रसला.

"हलू नका."

कच्च. फीत कट्ट्यावर पडली.

मावशी काहीतरी म्हणायला गेली, कापलेली फीत कशी चालेल वगैरे, पण मग तिने तुकडा उचलून बादलीत टाकला.

"आता बोला," बायको म्हणाली.

चेकरने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, चल घरी. त्याला म्हणायचं होतं, लोक काय म्हणतील. एवढी वर्षं समोरच्याला दरडावून विचारायची सवय, आणि आता विचारायला एक प्रश्न सापडेना. तिचा चेहरा त्याने बघितला. त्यात लपवलेलं काहीच नव्हतं. कदाचित कधीच नव्हतं.

"ते..." तो म्हणाला. "ते बसमध्ये सांगितलंस ते. परत एकदा सांग. पहिल्यापासून."

कात्री मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली. "त्या खोलीला दोन खिडक्या आहेत," तिने सुरुवात केली. "सकाळी एकीतून ऊन येतं, ते बरोबर कापायच्या टेबलावर पडतं."

सवयीने चेकरच्या ओठांवर 'हं' आला. तो त्याने गिळला, आणि विचारलं, "टेबल केवढं आहे?"