काशाची वाटी

एका मिनिटात पाच.

नूतनने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काम करतानाचं आपलं चित्रीकरण केलं आणि ते हळू चालवून पापण्यांची उघडझाप दोनदा मोजली. दोन्ही वेळा पाचच. गप्पा मारताना माणूस पंधरा-वीसदा तरी पापणी लववतो. दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन तिला तीनचा आठ का दिसतो, ते आता कळलं. जुन्या कागदांचे स्कॅन वाचून टाइप करायचं घरबसल्या काम होतं. शंभर नोंदींत चार चुका निघत होत्या. महिनाअखेर दोनच्या वर निघाल्या तर काम बंद, असं वरून कळवलं होतं.

तिच्या सासूबाईंनी, लताबाईंनी, सुनेचे लाल डोळे केव्हाच हेरले होते. चार वाजता त्या काशाची वाटी आणि तूप घेऊन चटईवर येऊन बसल्या.

“दे पाय. तयवे घासले का डोयांची आग उतरते.”

नूतनने पाय ओढून घेतले. “अहो आई, तुम्ही माझे पाय धरणार? कोणी पाहिलं तर!”

“दार लोटेल आहे. दे गुमान.”

वीस मिनिटांत तळवे काळेकुट्ट झाले. “पाह्य, किती उष्णता निघाली!” लताबाई खूश.

नूतनला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने केळ्याच्या सालीला तूप लावून तीच वाटी घासली. सालही काळी झाली. तिने ती सासूबाईंपुढे धरली, आणि धरताच आपलं चुकलं असं तिला वाटलं.

लताबाईंनी साल उलटसुलट करून पाहिली. “म्हणजे केयाचेबी डोये दुखत असतीन.”

दोघी हसल्या. मग लताबाई वाटी पुसू लागल्या. “नसीन उष्णता, तर ठेवून देते.”

काल घासून झाल्यावर संध्याकाळपर्यंत अक्षरं स्वच्छ दिसली होती. नूतनने तशी वहीत नोंदही केली होती. तळव्यांशी त्याचा संबंध नसेल, पण ती वीस मिनिटं ती डोळे मिटून पडली होती. तिने लॅपटॉप बंद केला आणि स्वतःहून पाय पुढे केले.

“डावा आधी, आई.”

“आता लाज कुठी गेली?”

“दार लोटलेलं आहे.”

त्यानंतर रोज चारला वाटी निघू लागली. महिनाअखेर नूतनने कॅमेरा लावून पुन्हा मोजलं. एका मिनिटात तेरा. शंभर नोंदींत एक चूक.