आत्याच्या मापाचा कठडा

फोटोवाल्याच्या घरामागे, गल्लीपासून चांगली दोन पुरुष उंचीवर, त्याची नवी बाग तयार होत होती. भराव झाला, फरशी बसली, वाफ्यांत माती पडली. राहिला होता फक्त कठडा, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

गडी मुळातच स्वप्नाळू. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात उघड्या कडेपासून चार पावलं मागे उभा राहून तो डोळे किलकिले करी, आणि त्याला दिसे की अख्खी बाग हवेत तरंगते आहे. कडेला बोटाएवढ्या जाडीच्या पांढऱ्या लाकडी पट्ट्या, आणि त्यांतून आरपार दिसणारी पलीकडची टेकडी, तिच्यावरचं धुकं. कठडा असावा, पण दिसू नये! कुणी रेललं तर पट्ट्या मोडतील, हे त्यालाही कळत होतं. त्यावर त्याने तोडगा काढला होता: वळणदार अक्षरांत 'कठड्याला टेकू नये' अशी पाटी रंगवून ठेवली होती. कठड्याचा पत्ता नाही आणि पाटी तयार, आता बोला!

माप घ्यायला म्हातारा सुतार आला. पट्ट्यांचं चित्र पाहून त्याने ते घडी करून परत दिलं. बागेची माती बारा महिने ओली, म्हणाला, खांब पायाशी कुजतो. वरून रंग तुकतुकीत आणि आत भुसा. दोन पावसाळे निघाले तरी नशीब. त्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खांब काँक्रीटमध्ये गाडा, हात ठेवायला वर तेवढं जाड लाकूड मी देतो. सुतारच लाकूड नको म्हणतोय, याचं फोटोवाल्याला हसू आलं. त्याने पाटी पुढे केली.

सुताराने ती नीट वाचली. "घरातली माणसं बोलवा," तो म्हणाला. "कठड्याचं माप मी माणसांवरून घेतो."

घरात होती एकटी आत्या. आईबाप गेल्यावर तिनेच फोटोवाल्याला वाढवलं, आणि बघायलाही तिनेच शिकवलं. सावली किती सरकली, ढग टेकडीच्या कुठल्या अंगाने उतरला, हे ती त्याला कडेवर घेऊन दाखवी. आता तिची नजर अधू झाली होती. भिंत, दार, खुर्चीची पाठ, हाताला लागेल ते धरून ती चाले. जिना चढून वर आली तशी ती मोकळ्या हवेत हात फिरवून आधार शोधू लागली. सुताराने पटकन तिचा हात धरला.

फोटोवाल्याने तिला मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. पट्ट्या, टेकडी, धुकं.

"छान रे. आणि मी धरायचं कशाला?" आत्याने विचारलं.

"पाटी वाचून दाखवा की त्यांना," सुतार हळूच म्हणाला. "त्यांना दिसायची नाही."

त्याने वाचली.

आत्या रुसली नाही. "बरं, मग मी खालीच बसत जाईन. तू वरून सांग हं, काय काय दिसतं ते."

अरेरे! जिने बोट धरून जग दाखवलं, तिलाच आपण आपल्या बागेतून खाली उतरवलं, आणि तेही वळणदार अक्षरांत! फोटोवाल्याचे डोळे भरले, समोरची टेकडी पुसट झाली.

"साहेब, जपून राहा असं लिहायला दोन मिनिटं पुरतात," सुतार म्हणाला. "जपणारी वस्तू करायला दोन आठवडे लागतात. म्हणून जो तो लिहूनच मोकळा होतो. मग पडेल त्याची चूक."

"काका, लोखंडच घाला," फोटोवाला म्हणाला. "आणि माप आत्याचं घ्या."

कठडा झाला. छातीएवढा उंच, आणि आतल्या अंगाला, बरोबर आत्याच्या हाताशी, धरायला गुळगुळीत लाकडी दांडा. त्यातून टेकडीचे चार तुकडे दिसतात, पण फोटोवाल्याची त्याबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी धुकं उतरतं तेव्हा आत्या तिथे अंगाचा सगळा भार टाकून उभी असते. तो शेजारी उभा राहून समोर काय दिसतं ते तिला सांगतो, आणि ती त्याला धुक्याचा वास कसा येतो ते सांगते.

मंडळी, आपणही घरात, कचेरीत, रस्त्यावर काही ना काही बांधतच असतो. बांधताना एवढं ध्यानात ठेवू या: ज्याला आधार हवा आहे त्याला सूचना देऊन आपली जबाबदारी संपत नाही. आधारच द्यावा लागतो, आणि तो त्याच्या हाताला पोचेल असा द्यावा लागतो.