पहिल्या बटणाचा मान

"नेम घ्यायचा तर हळू आवाजात घे, राजमती. मोठ्यानं घेतलेला नेम लोकांना दाखवण्यापुरताच उरतो." दीक्षा घेतलेल्या माताजींनी हे मला लग्नाआधी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओट्यावर सांगितलं होतं. त्या रविवारी जिनेंद्रभावजी आमच्या हॉलमध्ये बाह्या सरसावून उभे राहिले, तेव्हा माताजींचा आवाज मला आठवला.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. जगात त्यांना येत नाही असं काही नाही. त्यांनी आमचा गिझर दुरुस्त केला, तेव्हापासून आम्ही पाणी गॅसवर तापवतो. कुणाची निंदा करायची नाही असा माझा रोजचा नेम आहे, म्हणून मी फक्त घडलं ते सांगते.

माझी सून सोनल इंजिनिअर. बाळंतपणात तिची नोकरी सुटली. आता पुण्याच्या एका कंपनीनं घरी बसून ड्रॉइंग करायचं काम देऊ केलं होतं. सोमवारी सकाळी स्वतःचा संगणक चालू पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. ती म्हणाली, दुकानातून जोडूनच आणू.

"जोडल्यालं आणत्यात ती येडी," भावजी म्हणाले. "सुट्टं आणायचं आन घरात जोडायचं. मी समदे व्हिडिओ बघितल्यात."

जोडला. आत रंगीबेरंगी दिवे, बाजूला काच. गणपतीच्या मांडवात सहज खपला असता.

आमच्या बस्तीत पहिल्या अभिषेकाचा मान सवाल बोलून, म्हणजे पैशांची बोली लावून, ठरतो. ज्याचा सवाल मोठा त्याचा कलश पहिला, आणि त्याचा कलश ओतून झाल्याशिवाय दुसऱ्यानं मूर्तीला हात लावायचा नाही. ह्यांच्या डोक्यातून निघालं, की पहिलं बटण दाबायचाही सवाल घेऊ, फक्त पैशांऐवजी नेमाचा. ह्यांनी स्वतः महिनाभर पान सोडायचं बोललं. शेजारचे मल्लेश म्हणाले, "मी आठवडाभर बायकूला उलट बोलणार न्हाय." तो सवाल कुणी धरलाच नाही.

मग भावजींनी छाती काढली. "ह्ये मशीन चालू हुईपत्तूर मी अन्नाला शिवणार न्हाय."

टाळ्या पडल्या. भावजींनी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे नाचले, पडदा मात्र काळाच राहिला.

"जरा थांबा. तापू दे त्येला," भावजी म्हणाले.

"चुलीवर ठिवूया का?" मल्लेशनी विचारलं.

दुपार गेली. भावजींनी भिंतीतली वायर काढून परत घातली. पडद्याची वायर बदलली. लाईटचा दाब कमी आहे म्हणाले, मग ज्यानं पडदा बनवला त्याची अक्कल काढली, मग डब्याच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. सोनल बाळाला खांद्यावर घेऊन काचेतून बघत होती.

"काका, मेमरीच्या पट्टीजवळ एक नारिंगी दिवा तसाच पेटून राहिलाय. पट्टी पुरती बसली नसेल. मी एकदा दाबून बघू?"

"शो असतोय त्यो. आन मान माझा हाय. माझा हात पुरा हुईपत्तूर दुसऱ्याचा लागायचा न्हाय. बस्तीत चालतंय व्हय असलं?"

ह्यांनीही मान डोलावली. पर्युषणात सुद्धा प्रवचनाला घड्याळ बघत बसणारे दोघे भाऊ, त्या दिवशी रूढीचे राखणदार झाले. सोनलनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा मला बघवेना.

दिवस कलला. आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आता संगणक सुरू झाला नाही, तर भावजींना उद्यापर्यंत उपास.

"पंखा फिरतोय म्हंजे तसं चालूच झालं की," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "केळं काय अन्नात धरत न्हाईत."

"व्हय, आन आमटी पाण्यात धरत्यात," मल्लेश म्हणाले.

मी तांदूळ काढायला आतल्या खोलीत गेले. तिथं भावजी पाठमोरे उभे होते, जयसिंगपूरहून आलेल्या भडंगाच्या डब्यात मनगटापर्यंत हात. ते वळले. मिशीला शेंगदाण्याचं साल होतं.

"वैनी, भडंग म्हंजे चुरमुरं. चुरमुऱ्यात काय असतंय, वारं."

मी डब्याला झाकण लावलं आणि हॉलमध्ये आले. माझा आवाज असा, की ऐकायचा तर लोकांना टीव्ही बंद करावा लागतो. त्या दिवशी सगळे आपोआप गप्प झाले.

"भावजींचा नेम सुटला. मान मोकळा झालाय. मी सवाल घेते."

"तू काय सोडतीस?" ह्यांनी विचारलं.

"सोडण्यासारखं मी फार काही उरवलेलं नाही. धरते. सोनल कामाला बसली असेल तेवढा वेळ घरातला चहा, नाष्टा, बाळ, आलंगेलं माझ्याकडं. तिचं दार कुणी वाजवायचं नाही. आणि बटणाचा मान मी तिला देते."

"जिनूआण्णा, वाढवतायसा का सवाल?" मल्लेशनी विचारलं. भावजी मिशी पुसत होते.

सोनलनं बाळ माझ्याकडं दिलं. वायर काढली, काच उघडली, मेमरीच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबलं. एका टोकाला टक् वाजलं, मग दुसऱ्या टोकाला. बस एवढंच. दिवसभर घर डोक्यावर घेणाऱ्या माणसानं ती पट्टी नुसती टेकवून ठेवली होती. तिनं वायर लावून बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"मीच सैल ठिवलंतं," भावजी म्हणाले. "पैल्यांदा सैलच ठिवायचं असतंय."

दिवस मावळायच्या आत ताटावर ते सगळ्यांच्या आधी बसले. बाकीचं सॉफ्टवेअर बाळ झोपल्यावर सोनलनं एकटीनं भरलं.

सोमवारी मी बस्तीतून परत आले, तेव्हा तिच्या खोलीचं दार लागलेलं होतं. आतून तिचा इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता. हॉलमध्ये भावजी उचगावच्या पाहुण्यांना आपण बनवलेल्या मशीनची कहाणी सांगत होते.

"सोनल, पावणं आल्यात, च्या टाक गं," हे म्हणाले आणि दार वाजवायला उठले.

मी पूजेचं ताट खाली ठेवलं. झोपाळ्यातलं बाळ उचलून ह्यांच्या हातात दिलं, आणि आत जाऊन पातेल्यात पाणी ओतलं.