न लिहिणाऱ्या पेनाचं गाऱ्हाणं

मी पेन बोलतोय. थांबा, शाई शोधू नका. मी इन्सुलिनचं पेन, टोचायचं. जन्मात एक अक्षर लिहिलं नाही, आणि जिच्या वाट्याला आलो तिला एक अक्षर वाचता येत नाही. जोडी कशी जमली बघा! आता फार दमलोय. बटण सैल झालंय, अंगावरची छपाई पुसलीय. जे सांगायचं ते आताच सांगून टाकतो.

कारखान्यात माझं काय कौतुक झालं होतं! शेपटाकडची चकती फिरवायची, एकेका मात्रेला 'कट्' असा आवाज होतो, खिडकीत आकडा दिसतो, मग सुई टोचून बटण दाबायचं. "लहान पोरही वापरेल," असं म्हणाले. म्हणणाऱ्याचं काय जातं?

मी आलो एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईकडे. मुलाच्या मागोमाग ती या शहरात आलेली. इथली भाषा तिला येत नव्हती आणि आकडे कुठल्याच भाषेतले ओळखता येत नव्हते. तोंडी मोजायला मात्र पक्की. गठ्ठ्यात एक चादर कमी असली तरी गप्प बसायची नाही.

दवाखान्यात मुलगा मध्ये बसायचा. डॉक्टर त्याच्याशी बोलायचे, आई त्याच्याशी बोलायची, आणि दोघांचंही बोलणं त्याच्यापाशी येऊन निम्मं व्हायचं. डॉक्टर चांगले पाच मिनिटं समजावून थांबले की हा म्हणायचा, "काळजीचं काही नाही आई. गोड कमी खा म्हणतायत."

"एवढंच? मग इतका वेळ काय गोष्ट सांगत होते?"

"अगं, तेच तेच फिरवून सांगतात."

"बरं, माझ्या पायांना मुंग्या येतात ते विचार ना."

"पुढच्या वेळी विचारू. बाहेर रांग लागलीय."

मी तिच्या पिशवीत पडून सगळं ऐकायचो. दोन्ही भाषा कळायच्या मला, पण बोलता येतं ते फक्त 'कट्'. काय उपयोग?

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "दोन्ही वेळा टोचून घेतात ना?" हा आईकडे न बघताच "हो" म्हणून मोकळा. खरं काय ते मला विचारा. सकाळी तो चकती फिरवून द्यायचा, ती टोचून घ्यायची. संध्याकाळी तो कामावरून यायचा उशिरा. तोवर ती जेवून आडवी झालेली असायची. आकडा कोण बघणार? जास्त गेलं तर जीव जाईल, या धास्तीनं ती मला हातही लावायची नाही. साखर उतरत नव्हती ती त्यामुळे. पोरगा वाईट नव्हता हो. आईला घाबरवायचं नाही आणि डॉक्टरांसमोर मान खाली घालायची नाही, एवढंच त्याचं धोरण. असल्या मायेचा मला मनापासून वैताग आला होता.

शेवटी नव्या बुटानं तिच्या पायाची करंगळी सोलली. मुंग्यांनी पाय बधिर झालेला, दुखलंच नाही, म्हणून तिनं पाहिलंच नाही. पायमोजा ओला लागला तेव्हा करंगळी काळी पडली होती.

"बोट काढावं लागेल," डॉक्टर मुलाला म्हणाले, "आणि साखर अशीच राहिली तर पुढे पाऊलही."

मुलाचा चेहरा उतरला. आईकडे वळून म्हणाला, "बोटाचं छोटंसं ऑपरेशन आहे. मग सगळं ठीक." पाऊल त्यानं गिळून टाकलं.

बोट गेलं. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर असताना नर्स आली. तिलाही आईची भाषा येत नव्हती. तिनं मला उचललं, आईच्या कानाशी धरलं आणि चकती फिरवली. कट्. स्वतःचं एक बोट मिटलं. कट्. दुसरं मिटलं.

"अगंबाई! हे तर बोलतं की!" आई म्हणाली. डोळे मिटून ती आपल्या भाषेत मोजू लागली. मात्रा भरली तेव्हा नर्स थांबली आणि माझ्या खिडकीतला आकडा पाहून तिनं मान डोलावली. मग नर्सनं खिडकीबाहेरचं ऊन दाखवलं आणि चकती फिरवली. गालाखाली हात घेऊन झोपेची खूण केली आणि पुन्हा फिरवली. झोपेच्या खुणेला आईनं मान हलवली. ते नाही घेत मी. नर्स बघतच राहिली.

आईनं पांघरूण बाजूला सारलं. मग तिनं पट्टी बांधलेला पाय दाखवला आणि तळहाताची कड घोट्यावरून सुरीसारखी फिरवली. हा जाईल का?

नाही म्हणून मान हलवणं किती सोपं होतं! नर्सनं तसं केलं नाही. तिनं झोपेची खूण केली, मला बाजूला सारलं आणि तशीच कड घोट्यावर ठेवली. मग मला परत आईच्या हातात दिलं, ऊन आणि झोप अशा दोन्ही खुणा केल्या आणि तिचं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

आई मोठ्यानं रडली. खरं सांगू? मला बरं वाटलं. एकदाचं कळलं तिला.

संध्याकाळी मुलगा आला. "पाऊल जाणार होतं. मला बोलला नाहीस," ती म्हणाली.

"घाबरशील म्हणून..."

"घाबरले असते तर टोचून घेतलं असतं रे! पाय माझा, भीतीही माझी. तू कशाला ठेवून घेतलीस?"

पुढच्या तपासणीला त्यानं मान खाली घालून डॉक्टरांना खरं सांगितलं. डॉक्टरांनी मात्रा नव्यानं ठरवून दिली. वेळ नेहमीएवढाच लागला, पण आईच्या मुंग्यांनाही अखेर उत्तर मिळालं.

या गोष्टीला वर्षं झाली. पोटातली औषधाची नळी बदलायची, मी मात्र तोच. सकाळ-संध्याकाळ तिच्या कानाशी कटकटून माझा आवाज बसला. काल तिनं फिरवलं, ऐकलं, पुन्हा फिरवलं आणि मला खाली ठेवलं. अंदाजानं टोचलं नाही. मुलाची वाट पाहिली. तो आजकाल संध्याकाळी फोन करून विचारतो, काल तर धावतच आला.

आज नवं पेन आलंय. दुसऱ्याच्या बोलण्यात मध्ये बसणाऱ्यांनो, एवढंच मागतो: जे ऐकाल ते पुरतं पोचवा. निवडायचं काम तुमचं नाही.

तिनं नवं पेन कानाशी धरलं, मोजलं, हसली. मग मला पदरानं पुसलं, उठली आणि आपल्या दोन पायांनी चालत कपाटापर्यंत आली. दार लावतेय ती. लावू दे बाई, मी झोपतो आता.