तराजूवरचा प्रश्न

हॉस्पिटलची समिती बोक्याला आत एकट्याला बोलावणार होती आणि एवढंच विचारणार होती, की किडनी राजीखुशीने देतोयस ना? तो हो म्हणाला की परवा ऑपरेशन. दोन वर्षं डायलिसिसच्या मशीनला बांधलेली त्याची ताई मग पुन्हा पोटभर पाणी पिणार होती. सगळं घोडं त्या एका शब्दावर अडलं होतं. बोका तो शब्द म्हणणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. त्यामागे राजीखुशी किती, याची शंका फक्त ताईला होती.

हॉस्पिटलच्या बाकावर तिघं बसली होती. मधे आई, दोन बाजूंना दोन लेकरं. लेकरं आपली म्हणायची, नाहीतर ताई चाळिशीला टेकलेली आणि बोका तिच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. ताई एका दुकानात पडदे शिवायची. बोका उंच इमारतींना काचा बसवायचा, दोरावर लोंबकळत. असा गडी ऑपरेशनला घाबरेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण गेला आठवडाभर तो ताटावरून अर्धपोटी उठत होता आणि ते ताईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

आईला शांतता सोसत नाही. ती म्हणाली, "अरे, ते तुमचं कार्टून कुठलं होतं? पाखराच्या तोंडाची माणसं, होडी बिडी?"

"सूर्यनौकेचे रक्षक," बोका म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

रोज दिवेलागणीला ते लागायचं. सूर्याची होडी पाताळात शिरायची आणि तिला गिळायला काळा अजगर टपलेला असायचा. होडीवर ससाण्याच्या तोंडाचा कप्तान, कोल्ह्याच्या तोंडाचा न्यायाधीश आणि मांजराच्या तोंडाचा योद्धा. हा योद्धा दर भागात एकदा तरी पाण्यात पडायचाच. त्या काळात या दोघांना प्राचीन इजिप्तच्या देवांबद्दल कोणी विचारलं असतं, तर मास्तरांना पळता भुई थोडी झाली असती. बाकी विषयांत सगळा आनंद होता. भावाने मांजर व्हायचं ठरवलं, म्हणून तो बोका. ताईने कोल्हा घेतला, पण तिला कोल्हा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"आणि तो तराजू!" आईला आता रंग चढला होता. "माझा पितळी तराजू पळवायचात. एका पारड्यात कबुतराचं पीस ठेवायचात आणि..."

ताईने मान दुसरीकडे फिरवली. बोक्याने चटकन पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती.

तराजूचा विषय दोघंही आठवडाभर टाळत होती. कार्टूनमधला कोल्हा मेलेल्या माणसाचं काळीज तोलायचा. खोटारड्याचं काळीज पिसाहून जड भरायचं आणि मगरीच्या तोंडी जायचं. त्यावरून दोघांनी आपला कायदा केला होता. एकाने 'तराजू' म्हटलं, की दुसऱ्याने छातीवर हात ठेवायचा आणि खरं तेच सांगायचं. होता पोरखेळच, पण कसं कोण जाणे, दोघांनी तो कधी मोडला नाही. फुटलेल्या खिडकीपायी बोक्याने तराजूवर खरं सांगून सडकून मार खाल्ला. पुढे ताईचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने तिला तराजूवर घेतलं. तिच्या तोंडून 'नाही' निघालं आणि ते लग्न मोडलं. बाकीच्या जगाशी दोघं गरजेपुरतं खोटं बोलत, चारचौघांसारखी.

म्हणून तर ताईने तो शब्द दाताखाली दाबून धरला होता. विचारलं नाही, तर किडनी मिळणार होती. विचारलं, तर कदाचित हातची जाणार होती. आणि तिला जगायचं होतं. यात लाजण्यासारखं काय आहे? उन्हातून घरी यावं, पेला तोंडाला लावावा आणि दोन घोटांवर खाली ठेवावा, हे ज्याने काढलंय त्यानेच तिला शहाणपण शिकवावं.

दार उघडलं. समितीचं काम बघणाऱ्या बाई डोकावल्या. "किडनी देणारे कोण? या आत."

"जा रे बाळा," आई म्हणाली.

बोका उठला. उठताना त्याने बाकाची कड धरली. दहाव्या मजल्यावर एका हाताने काच सावरणारा माणूस तो, आणि त्याचा हात थरथरत होता.

ताई त्याच्यामागे गेली. दाराशी तिने त्याला गाठलं आणि आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तराजू."

बोक्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याने छातीवर हात ठेवला.

"द्यायचीय तुला?"

त्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही. खूप भीती वाटते, ताई. पण आत मी हो म्हणणार आहे. तू मधे पडू नकोस."

तिला त्याचा असा राग आला की एक कानफटात ठेवून द्यावी. हो म्हणणारच होतास, तर एकदा खोटं बोलला असतास! मगर थोडीच येणार होती?

मग ती बाईंना म्हणाली, "त्याला नका नेऊ. मलाच नको आहे किडनी."

हे मात्र आईला ऐकू गेलं. ती धडपडत आली. "काय म्हणालीस?"

"नको मला. तो बिचारा तयार आहे, माझंच मन होत नाही. मशीनवर बरं चाललंय माझं."

"बरं चाललंय? डोकं फिरलंय हिचं! बाई, तुम्ही हिचं ऐकू नका." आई बोक्याकडे वळली. "आणि तू काय मूग गिळून उभा आहेस? सांग ना हिला!"

ताईने डोळे वटारले. गप्प राहा. पण बोक्याने तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, घे. माझं ऐक. घे ना."

"नको."

"मी देतो म्हणतोय ना!"

"नको म्हटलं ना तुला!"

तो रडायला लागला. लहानपणी मार खातानाही तो असा रडला नव्हता. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. आईसाठी चाललेलं नाटक असेल, ताईला वाटलं. नाटकच असणार. पण बोक्याला नाटक कधी जमलं नव्हतं आणि तिचे हात धरलेले त्याचे हात आता थरथरत नव्हते.

पुन्हा एकदा विचारलं असतं, तर कळलं असतं. शब्द तिच्या ओठांवर आला. पण या खेपेला तो तिच्यासाठी खोटंही बोलला असता. आणि तिने ते खरं मानलं असतं, कारण तिला तेच हवं होतं.

तिने हात सोडवून घेतले.

"बाई," ती म्हणाली, "परवाची माझी मशीनची पाळी कोणाला दिली असेल, तर मला परत लावा."