जनानी तंबोऱ्याच्या पोटातलं नाव

मित्रांनो, मी एक जुना तंबोरा आहे. वय सत्तरच्या पुढं, तारा गंजलेल्या, पण तोरा काही गेलेला नाही. जन्म माझा मिरजेचा. इमाम कारागिरांनी भोपळा निवडला, वर्षभर वाळवला आणि त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवलं. त्यांच्या घरची एक रीत होती. तबली चिकटवण्याआधी, जिथं सरस लागतो त्या कडेवरच ते पेन्सिलीनं लिहायचे, की वाद्य कुणासाठी केलंय. उघडल्याशिवाय ते दिसणार नाही आणि कुणाला खोडताही येणार नाही. माझ्या कडेवर त्यांनी मनुबाईंचं नाव लिहिलं.

मनुबाई पाटणच्या. साताऱ्यात नानासो बुवांच्या घरी राहून गाणं शिकल्या. माझ्या तारा छेडत, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्या बंदिशी रचायच्या. त्याच बंदिशी बुवा मैफलीत गायचे आणि वाहवा मिळवायचे. पुढं पुस्तक छापलं, त्यावरही बुवांचंच नाव. मनुबाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. मला मात्र असा संताप यायचा, की काय सांगू! त्या गेल्या, आणि मला बुवांच्या स्मारकात काचेआड उभं केलं. खाली पितळी पाटी ठोकली, ‘नानासो बुवांचा तंबोरा’. हार पुष्कळ पडले. तारेला बोट मात्र पन्नास वर्षांत कुणी लावलं नाही.

यंदा वडूजची क्रांती आली. ती गाण्यावर संशोधन करते. जुन्या पत्रांवरून तिनं मनुबाईंचा माग काढला होता. मला पाहताच ती थबकली.

“यशराजकाका, हा तर जनानी तंबोरा, बायकांच्या उंच पट्टीचा! बुवांची पट्टी खालची. एवढ्याशा तंबोऱ्यावर ते गातील कसे? हा मनुबाईंचा, आणि पुस्तकातल्या बंदिशीही त्यांच्याच!”

यशराज म्हणजे बुवांचे नातू, स्मारकाचे प्रमुख. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पुरावा आणा. उद्या पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला जातीय. न्हाईतर ती आजोबांच्याच नावानं जाईल.”

आता नाव बुडालं, की मनुबाई कायमच्या बुडाल्या.

वाद्य कुणासाठी केलं ते कारागिरालाच विचारावं, म्हणून त्याच दुपारी क्रांतीनं मला गवसणीत घालून मिरजेला नेलं. माझ्यावर नजर ठेवायला यशराज जातीनं सोबत आले. इमामांचे नातू तारिक यांनी मला मांडीवर घेतलं, टिचकी मारली आणि मान हलवली.

“नाव असंल तर कडंवर असंल. पण भोपळा लय वाळलाय, बाई. तबली काढताना तडकला, तर पुन्हा वाजायचा न्हाई.”

क्रांतीचा चेहरा उतरला. “मग राहू द्या, चाचा. मनुबाईंची एवढी एकच वस्तू उरलीय. ती मी कशी फोडू?”

अगं वेडे! मी आतल्या आत ओरडलो. यशराज तर गवसणी उचलायलाही लागले. तेव्हा उभ्या जन्मात केलं नव्हतं ते मी केलं. होतं नव्हतं ते बळ एकवटलं आणि आपणहून वाजलो.

“आवं, मी हातबी लावला न्हाई!” तारिक ताडकन म्हणाले. मग पाणी तापवायला ठेवलं. “ह्योच उघड म्हणतोय.”

सांध्यावर गरम फडका ठेवला. सरस सुटू लागला. पातळ सुरी कडेनं सरकत होती. कट्‌कन आवाज झाला. माझा भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला.

त्या चिरेतून मनुबाईंच्या गळ्यातला षड्ज बाहेर आला. स्वच्छ, तसाच. इतकी वर्षं मी तो पोटात जपला होता.

यशराज माझ्याजवळ वाकले. “ही तर मनूआत्या,” ते पुटपुटले. “लहानपणी तापात पडलो, की उशाशी बसून हीच नव्या बंदिशी रचून गायची.”

तारिकनी कड उजेडाला धरली. पेन्सिलीची अक्षरं शाबूत होती. “मनुबाई, पाटण. काळी पाच.” म्हणजे बाईच्याच आवाजाची उंच पट्टी. क्रांती हमसून हमसून रडली. यशराजांनी फोन काढला. “छपाई थांबवा. नाव बदलायचंय.”

परतल्यावर स्मारकातल्या पाटीचे खिळेही त्यांनीच उपसले.

मित्रांनो, आता मी वाजत नाही. चिरेला पट्टी मारून तारिकच्या दुकानात उभा आहे. तुमच्या घरी, शाळेत जुनं वाद्य असेल, तर त्याला हार नकोत. धूळ पुसा, अधूनमधून तार छेडा. आणि पाटी ठोकण्याआधी कारागिराला विचारा, हे कुणासाठी केलं होतं. माझ्यासारखं फुटून सांगायची पाळी त्याच्यावर आणू नका.